कुणी न कुरतडलेलं पान

आर्लिस ट्वेटन गाडी थांबवते तारेच्या कुंपणापाशी.
फाटक उघडायला मी उतरते, तेव्हा म्हणते,
मागे लावून घे, गाई बाहेर पडल्या तर तुलाच आणायला लावीन.
माँटानाच्या या कोपऱ्यात शेजार म्हणजे एकोणीस मैल.

टेकडीच्या उघड्या अंगावर ती बोट टेकवते.
खाली राखाडी चिखलदगड,
वर कोळशाचा काळा पट्टा,
मध्ये करंगळीएवढी एक रेघ,
पातळ झालेल्या चहाच्या रंगाची.
नवरा म्हणायचा, ही जमिनीची शिवण.
शिवणीखाली त्याला तीन शिंगांच्या जनावराची कवटी मिळाली होती.
ती कोठारात आहे अजून,
आर्लिस तिच्या शिंगांवर ओले हातमोजे वाळत घालते.
शिवणीच्या वर
चाळीस उन्हाळे शोधून
त्याला एक दातही सापडला नाही.

माझं काम हाडांचं नाही.
मी धूळ मोजते.
मूठभर माती आम्लात विरघळली की जे उरतं
ते काचेवर पसरून हिवाळाभर डोळा लावून बसते.
रेघेखाली ताडाचे कण, चिनाराचे,
दोन्ही बाजूंना फुगे बांधलेले सूचिपर्णींचे,
आणि कितीतरी फुलझाडांचे, ज्यांची फुलं
बघणाऱ्या डोळ्यांना रंगांची नावं नव्हती.
रेघेवर नेचा.
नेचा. नेचा. नेचा. नेचा.
शंभरात ऐंशी वेळा तोच तिकोनी बीजाणू,
बोलता बोलता कुणी
एकाच शब्दावर अडकावं तसा.

कोण कोण राहिलं? आर्लिस विचारते,
वादळानंतर फोन करून विचारतात त्या आवाजात.
कासवं, मी सांगते, बहुतेक सगळी.
सुसरी.
नदीच्या तळाशी गाळ चिवडणारं बरंच काही.
वरचा उजेड गेला तरी पाण्यात जुना पाचोळा होता,
त्यांनी शिळ्यावर निभावलं.
झाडांवर राहणारे पक्षी गेले, झाडंच नव्हती.
जमिनीतलं बी उकरणारे थोडे तगले.
आणि आपली माणसं?
चिचुंद्रीएवढी होती, बिळात.
त्यांतलीही बरीचशी मेली, ते चित्रात दाखवत नाहीत.

ती मान हलवते.
एका हिवाळ्यात आमची बत्तीस वासरं गेली.
कोठारामागच्या कुजक्या गवतात शिरलेली पाच राहिली.
हुशार नव्हती गं.
तिथं होती, एवढंच.

दुपारी छिन्नी लावून मी दगडाचे पदर सोडवते.
रेघेखालचं पान:
कडा चावलेल्या, मध्ये भोकंच भोकं,
एका अळीने आतल्या आत कोरलेली नागमोडी वाट
शिरेपाशी पोचते, तिथं रुंद होते,
आणि तिथूनच ती बाहेर पडली असणार, पंख घेऊन.
पंगत उठल्यावरचं पान.

मग रेघेवरचं.
अखंड. शीर न् शीर जागेवर,
टोकाला सुईएवढी अणी, तीही शाबूत.
किती देखणं, आर्लिस म्हणते,
आणि चष्मा पुसून पुन्हा बघते.

मला सांगावं लागतं.
खायला कुणी नव्हतं त्याला.
या भागात पुढची लाखो वर्षं
पानं अशीच येत राहिली, जवळजवळ धड,
उगवली, पिकली, गळली,
आणि कुणी तोंड लावलं नाही.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
वारा कागद उडवू बघतो, मी त्यावर हातोडा ठेवते.
मुलं बिलिंग्जला गेल्यापासून, ती म्हणते,
माझ्याकडची एकही बशी फुटलेली नाही.

परतताना कुत्रा तिच्या मांडीवर डोकं टाकतो.
एका हाताने गाडी चालवत ती त्याचा कान चाचपते,
केसांतून काहीतरी खुडून काढते,
चिमटीत धरून माझ्यापुढे करते.
गोचीड. पाय हलताहेत.
हा?
हाही, मी म्हणते. तेव्हाही होता.
अरे वा, म्हणते आर्लिस,
आणि नखावर घेऊन
चिरडते.