सलग वास्तव्य

भाड्याच्या पावत्या तारेत ओवलेल्या,
तळाशी एकोणीसशे एकाहत्तर.
मनूआत्या एकेक सोडवते,
मी झेरॉक्ससाठी वर्षवार लावतो.
काळाचौकीची ही खोली
बिल्डरच्या माणसानं तीनदा मोजली,
तिन्हीदा वेगळी भरली.

शहात्तरचे चार महिने नाहीत.
"उंदरानं खाल्ले असतील," मी म्हणतो.
ती चष्मा पुसत राहते.
"तेव्हा मी निघून गेले होते.
तुझ्या बाबांकडे, डोंबिवलीला.
भाडं मीच नेऊन द्यायचे ना,
ह्यांना कुठलं सुचतंय."

परत का आलीस, हे मी विचारत नाही.
डिंकाच्या बाटलीचं बूच फिरवता फिरवता
तीच सांगते,
"ह्यांच्यासाठी नाही रे.
मोरीच्या खिडकीतून सकाळी
बादलीत ऊन पडायचं.
तेवढ्यासाठी."

अर्जातला रकाना नववा:
वास्तव्य सलग आहे काय?
असल्यास पुरावा जोडावा.

आहे, मी लिहितो,
आणि पेन अडतं.

समोर टॉवर झाला त्याला सहा वर्षं झाली,
मोरीत दिवसाही दिवा लागतो.
बादली मात्र
अजून त्याच फरशीवर,
खिडकीखाली,
काठोकाठ भरून.