पासंग

रात्री दीडला शलाकाचा फोन येतो. तिकडे संध्याकाळ.
"बाबा, आज अकरा पेट्या पाहिल्या. सीलं शाबूत."
आणि आत?
"आत बघायची मुभा नाही नं.
बॉम्बचा आकार त्यांचं गुपित. यंत्र पेटीला टेकवायचं,
ते फक्त हिरवा दिवा लावतं, नाहीतर लाल."

मी एकतीस वर्षं इतवारीत वजनं तपासली.
पाच किलोचं लोखंड उलटं केलं
की बुडाशी एक भोक, शिशानं बुजवलेलं,
शिशावर आमचा शिक्का.
चिंचोक्याएवढ्या त्या शिशावर
अख्खी किराणा ओळ इमानदार होती.

बिनेकर काटेवाला ते शिसं कोरून काढायचा,
लाख भरायचा,
वरून पातळ पत्र्यावर शिक्का, माझ्यापेक्षा सुबक.
सापडला. परवाना गेला, ऐरण गेली, छिन्न्या गेल्या.
पंचनाम्यावर अंगठा देताना म्हणाला,
"साहेब, हात बी जप्त करून राहिले का?"

पुढच्या महिन्यापासून त्याला सोबत घेऊन फिरलो.
दुसरं काय करणार होतो?
खोटं वजन तो उचलताच ओळखायचा,
न बघता, पानवाल्याशी बोलता बोलता.
एकदा चुकला.
की चुकलो म्हणाला, ते अजून ठरलं नाही माझं.

"आमच्याकडेही आहेत तसे," शलाका म्हणते.
"ज्यांनी जोडले, तेच सुटे करून राहिले.
एक म्हातारा डबा आणतो, मला लोणचं देतो.
त्याच्या हाताकडे बघत बसते मी."

सहा वर्षांची असताना
शून्य मैलाच्या खांबापाशी तिनं विचारलं होतं,
इथं शून्य आहे हे कोणी तपासलं?
मी घोडे दाखवले तिला, दगडाचे.

आता सांगतो:
पारडी रिकामी असताना काटा बघ.
माल नंतर.
रिकामा असून थरथरला तर विचार, का.
आणि उद्या त्याच पेट्या परत.
"कालच तर पाहिल्या, बाबा."
म्हणूनच.

फोन ठेवतो. कूलर घरघरतो, मे महिना,
वारा आला की दार आपटतं
म्हणून जुनं वजन टेकवलंय.
उलटं करतो.
माझाच शिक्का, एक्क्याण्णवचा. शिसं जागेवर.
तरी नखानं
खरवडून बघतो.