बेजार

सातवी ब. अकरा वाजून दहा.
मागच्या गल्लीत यंत्रमाग खटखटतायत
आणि मी फळ्यावर अपूर्णांकांचा गुणाकार मांडते आहे
एकोणतीस पोरांसाठी,
ज्यांतली चार-पाच इथं आहेत.

बाकीची हजर आहेत.

मल्लेश तरळे, तिसरा बाक.
ओरडत नाही, खोड्या काढत नाही,
त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.
वही उघडी, तारीख घातलेली,
समास पट्टीनं आखलेला, सरळ,
आणि समासाच्या उजवीकडं
दिवाळीपासून काहीच नाही.

पहाटे पाचला उठतो. नवोदयचा क्लास.
मग शाळा. मग शहापुरात गणिताची शिकवणी.
रात्री कन्नडची, शेजारच्या अक्कांकडं,
कारण उद्या नोकरी लागायची तर ती लिपी लागतेच.
शनिवार-रविवार इंग्रजी,
कारण वडगावात राहून काय होणार.
मराठी तेवढी घरची.
तिला शिकवणी नाही. तिला वेळही नाही.

आई येऊन सांगून गेली,
"बाई, दोन ठेवून द्या की त्याला, ऐकतंय मग."
खरं, त्यानं न ऐकल्यासारखं
काही केलंच नाहीये.

एकदा मधल्या सुट्टीत थांबवलं.
विचारलं, काय होतंय रे?
शर्टाचं खालचं बटण फिरवत राहिला,
दोरा सुटेपर्यंत.
मग म्हणाला, "बेजार."

एवढंच. आणि बटण खिशात टाकलं.

आमच्यात बेजार म्हणजे
तापानं बेजार, कामानं बेजार,
दमून दमून जीव नकोसा झालेलं माणूस.
अक्कांच्या घरात बेजारु म्हणजे
करमत नाही, कशात मन लागत नाही,
कुणी काही बोललं तर वाईट वाटतं,
नाही बोललं तरी.
त्यानं कुठल्या भाषेत सांगितलं?
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तो बरोबर उत्तर शोधत बसला असता.

प्रगतिपुस्तकात शेऱ्याची एकच ओळ असते.
मी लिहिलं, समाधानकारक.
अक्षर छान आलं माझं.

आज बाराच्या सुमाराला लाईट गेली.
माग थांबले. एकदम, गल्लीभरचे.
इतक्या वर्षांत मला वाटायचं, त्या आवाजानं पोरांना झोप येते.
तो थांबला तशा एकेक माना वर आल्या.
मल्लेशनं खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बाई, थांबलं."
"होय रे," म्हटलं,
आणि खडू ठेवला.

कुणी काही शिकलं नाही.
कुणीतरी मागं हसलं, कशाला ते कळलं नाही.
कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी
सगळ्या वर्गाला कळली.
मल्लेश खिशातलं बटण काढून
बाकावर भोवऱ्यासारखं फिरवत होता,
पडलं की पुन्हा.

नऊ मिनिटं. मग लाईट आली, माग लागले.
फळ्यावर अर्धा गुणाकार होता.
तो कुठवर आला होता
मलाच आठवेना.