हातांचे पैसे वेगळे

चेहऱ्याच्या आठ गिनी, शेठ.
हातांचे पैसे वेगळे, एका हाताला दीड.
एलिफॅलेट थ्रूप हसले.
उजवा हात कोटाच्या खिशातच राहिला.

खारवलेला कॉड, काकवी, रम.
न्यूपोर्टच्या धक्क्यावर त्यांच्या नावाची पिंपं
जहाजातून उतरतात, जहाजात चढतात,
आणि पोरवयात अशाच एका पिंपाच्या लोखंडी कड्याने
दोन बोटं नेली,
ती कुठल्याच वहीत खर्ची पडलेली नाहीत.
"दहाच्या दहा काढा," म्हणाले,
"पैसे पूर्ण देतोय."

तीन सकाळी त्यांनी चेहरा दिला.
दुहेरी हनुवटी मी दीड केली.
गालावरचा मस राहू द्या म्हणाले, तो आईचा.
चौथ्या दिवशी बार्बाडोसहून जहाज लागलं
आणि खुर्चीत नुसता मखमली कोट येऊन बसला.
आत कफी.

गोदामातला कफी.
कुठल्या साली, किती पौंडांना,
ते त्याच वहीत लिहिलेलं
जिच्यावर मी त्याला हात ठेवायला सांगितलं.

ठेवला.
लांब बोटं, अंगठ्याच्या बेचक्यात दोराचा जुना वळ.
शेठ घटकेघटकेला चुळबुळायचे,
याला एकदाही म्हणावं लागलं नाही, हलू नकोस.
दुपारी फक्त त्याने विचारलं,
"रंग कुठला लावणार?"

मी पांढऱ्यात हिंगूळ घोटत होतो.
घोटत राहिलो.

वार्निश वाळायच्या आत बाई येऊन बघून गेल्या.
चेहऱ्याकडे ओझरतं,
हातांकडे दिवा आणवून.
गेल्या हिवाळ्यात त्यांच्या धाकटीची वीतभर पेटी
गोठलेल्या मातीत कोणी उतरवली,
हे मला मागाहून स्वयंपाकघरात कळलं.
तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या,
जरा खाली टांगा.

शेठनी घासाघीस केलीच:
डावा हात अर्धा तर वहीआड आहे!
अकराच्या साडेदहा गिनी झाल्या.
पावतीवर सही त्यांनी डाव्या हाताने केली,
वाकडी, पोरासारखी.

माझी रंगांची पेटी होडीपर्यंत कफीने आणली,
फळीवर ठेवली, हात पुसले.
माझ्या खिशात एक शिलिंग होतं.
मी ते चाचपत राहिलो
पलीकडचा किनारा लागेपर्यंत.