एच थ्री, वडगाव

कंपनीगणिक ई-वनचा अर्थ बदलतो,
हे आधीच सांगून ठेवतो.
एकात ई-वन म्हणजे खोलीचा सेन्सर गेला,
दुसऱ्यात कॉइलचा,
आणि हुबळीहून येणाऱ्या एका स्वस्त मालात
ई-वन म्हणजे नुसतंच: मला बरं वाटत नाही.
माहितीपुस्तक कुणाकडेच नसतं.
खोक्याबरोबर ते रद्दीत जातं.

वडगावात, मागल्या बोळात,
गुंडोपंत कामकरांच्या घरी चार माग चालू होते.
तिथं बोललेलं ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात.
सुगंधानं आतल्या खोलीकडे हात केला.
तिचा कॉम्प्युटर, पडद्यावर अर्धा काठ,
आणि कोपऱ्यात चाकांवर उभा एसी,
भावानं बेंगळुरूची खोली सोडताना
ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवलेला.
दोन अक्षरं लुकलुकत होती. एफ एल.

"काय म्हणूलालंय ते?" म्हाताऱ्यांनी विचारलं.
पोट भरलंय म्हणूलालंय.
"कशानं?"
पाण्यानं.

गल्लीत नळ येऊन आठ दिवस झालेले.
दाराशी घागरी पालथ्या,
आणि हे यंत्र हवेतून पाणी ओढून ओढून
जास्त झालं म्हणून रुसून बसलेलं.
सुगंधाची आई हसली नाही.
तिनं परात आणली, मग बादली.
मी खालचं रबरी बूच काढलं,
पाणी बारीक धारेनं येत राहिलं, बराच वेळ.
पिऊ नका, म्हणालो. झाडांना घाला, फरशी पुसा.
मग चहा आला.
कुठल्या पाण्याचा, ते मी विचारलं नाही.

अर्ध्या तासानं पुन्हा पीं.
एच थ्री.
हा जरा वाईट. आत कुठंतरी घुसमट आहे, एवढंच तो सांगतो,
कुठं ते आपण शोधायचं.
जाळी काढली. सुताची रुई निघाली,
निजलेल्या मांजराएवढी.
ब्रश मारला, बसवली, चालू केला.
एच थ्री.
मागचा जाड पाइप हाताला भाजत होता,
म्हणजे गरम हवा बाहेर चाललीय, ठीक.
मग माझ्या मानेवर झळ कसली?

खिडकीत पाइपाभोवती फळी नव्हती.
जुन्या जकार्डची कार्डं होती,
दोऱ्यानं ओवलेली, एकाला एक टाचलेली,
हाताळून हाताळून सुपारीच्या रंगाची झालेली,
आणि प्रत्येकात भोकं.
बाहेर घालवलेली ऊन हवा
त्या भोकाभोकांतून परत घरी येत होती.

"बुजवायला लागतील," मी म्हणालो.
म्हातारे उठले.
कार्डावर बोट ठेवलं, सावकाश सरकवलं.
भोक, भोक, कोरं, भोक, कोरं, कोरं.
"ही मान," म्हणाले.
खालच्या कार्डावर, "हा तुरा.
इथनं पिसारा."

खिडकीत मोर होता.
तासभर मी त्याच्यासमोर पाना घेऊन बसलो होतो.

मला दोन अक्षरं वाचायला
कंपनीला तीन फोन लावावे लागतात.
"भोक म्हणजे दोरा वर, कोरं म्हणजे खाली," त्यांनी सांगितलं,
"आणि चुकलं तर माग पीं करत नाही.
चार बोटं विणून झाल्यावर दिसतं.
मग उसवत बसायचं."

सुगंधा फोटो काढू लागली, एकेक कार्ड.
"कशाला?" ते म्हणाले, "पाठ हाय."
ती काढतच राहिली.

मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापला,
गोल भोक पाडलं, एकच,
कडेनं चिकटपट्टी फिरवली.
आकडा चोवीसवर येऊन टिकला.
म्हातारे थंड खोलीत थांबले नाहीत.
कार्डांची चळत मांडीवर घेऊन
बाहेर मागाशेजारी बसले.

आमच्या पावतीवर दुकानाचं नाव वर कन्नडात, खाली मराठीत,
बिघाडाच्या रकान्यात मात्र हवं ते लिहा.
मी लिहिलं: मोर.
मग मालक वाचतील म्हणून खोडून
लिहिलं: खिडकी.
दोनशे रुपये. ते म्हणाले दीडशे.
दीडशे घेतले.