रिकामा बार

निवडणूक लागली की पेठच्या ठाण्यातून निरोप येतो,
बंदुका जमा करा.
आमची एकच. ठासणीची.
आजोबांच्या नावावरून बाच्या नावावर आलेली,
दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली,
कारण ज्या साली ती माळ्यावरून पडली
त्या साली नव्या दस्त्याच्या पैशांत शेळी आली.

भरलेली बंदूक ठाण्यात न्यायची नसते.
आणि ठासणीच्या बंदुकीचं असं,
एकदा भरली की उलटी करून रिकामी होत नाही.
भोपळ्यातली मापभर दारू, तिच्यावर चिंधी,
गजाने ठोकायचं, गज हातात उसळेपर्यंत,
मग छर्रे, मग पुन्हा चिंधी.
आत गेलं ते तोंडातूनच बाहेर येणार,
तेही आवाज करून.
आई म्हणते, थेट तुझ्या आत्यासारखी.

मंगळवारी रात्री भरली होती, डुकरांसाठी.
डुकरं आली ती आमच्याकडे नाही,
ओहळापलीकडे, चिंतामण गावितांच्या वरईत.
आम्ही रात्रभर माळ्यावर बसून
त्यांच्या वरईचं मचमच खाणं ऐकत राहिलो.
हद्द ओलांडून बार टाकायचा नसतो.
झिप्री माळ्याखाली थरथरत होती, थंडीने नव्हे.

सकाळी नागलीवर दव होतं.
बा बांधावर उभा राहिला.
मी चुन्याच्या डबीतून एक टिकली काढून दिली,
टिकल्या सांभाळणं माझं काम.
बारानंतरचं सगळं झिप्रीचं.

“कुठं मारतोस?”
“कुठंच नाय,” बा म्हणाला,
आणि नळी आभाळाकडे केली.

घोडा पडला. क्षणभर काहीच नाही,
टिकली आणि दारू यांच्यात तेवढं बोलणं व्हावं लागतं,
मग बार.
गंधकाचा पांढरा धूर बाच्या मिशीत अडकला,
डोंगराने आवाज एकदा परत पाठवला,
छर्रे सागाच्या पानांवर तडतडत उतरले.
सोंगणीला वाकलेली जनीमावशी उठून म्हणाली,
“पडलं का रे?”

झिप्री सुटली होती.
तिला कोण सांगणार
की या बाराला काही पाडायचंच नव्हतं.
खुरासणीच्या पिवळ्या फुलांतून तिची फक्त शेपटी दिसत होती,
ओहळापर्यंत जाऊन वळली,
करवंदीच्या जाळीला दोन फेरे घातले,
थांबली, नाक वर केलं, पुन्हा जाळीत.
बा शीळ घालत राहिला. ती ऐकेना.
कुणीतरी मेलेलं असणारच, असा तिचा हिशोब.

बऱ्याच वेळाने आली.
तोंडात चिंधी,
आईच्या जांभळ्या लुगड्याची, कडेने काळी, अजून धुरकटत.
ससा ठेवावा तशी हलकेच
बाच्या पायाशी ठेवली
आणि बसली.

मला हसू येत होतं. बा हसला नाही.
शिकारीत कुत्र्याचा वाटा असतो, म्हणाला,
फडक्यातली भाकर सोडली,
अर्धी मोडून तिच्यापुढे धरली.
चिंधी बंडीच्या खिशात घातली.

ठाण्यातल्या हवालदाराने लिहून घेतलं:
ठासणी बंदूक एक, गज एक.
पावती फाडताना दाराकडे बघून विचारलं,
“ते कुत्रं कुणाचं?”
“बंदुकीचं,” बा म्हणाला.
त्याचा रकाना कागदावर नव्हता.

येताना तिला ओढावं लागलं.
करंजाळीच्या फाट्यापर्यंत मागे वळून बघत होती,
तारेने बांधलेलं आपलं घरचं माणूस
आम्ही कुठल्या लोकांत सोडून आलो म्हणून.

आता निकाल लागेपर्यंत रात्री डबडं वाजवतो.
डुकरांना दोन दिवसांत कळलं, डबडं म्हणजे काय.
टिकल्यांची डबी ठाण्यात कुणी मागितलीच नाही,
ती माझ्याकडेच आहे.
झोप यायला लागली की मी ती कानाशी हलवते.
माळ्याखाली झिप्री उठते,
अंग झटकते,
आणि अंधारात पुढे जाऊन उभी राहते,
बाराची वाट बघत.