लाल सळयांना, काळा चाकाला

मासे खारवायची टाकी मी तीनदा धुतली.
मीठ राहिलं की गंज पुन्हा हसतो, बाबा म्हणाले
दारातूनच. शेडमध्ये आले नाहीत.

नळाचं पाणी, चार मुठी धुण्याचा सोडा,
कडेनं कुंपणाच्या जुन्या सळया, तारेनं एकमेकींना बांधलेल्या,
मधोमध दोरीवर टांगलेलं
आमच्या होडीच्या इंजिनाचं चाक.
एकतीस वर्षं कोपऱ्यात पडून,
वर जाळी, बटाट्याची पोती,
मांजरीची तीन बाळंतपणं.
कॉड बंद झाला त्या उन्हाळ्यात
बाबांनी ते होडीतून उतरवलं.
होडीचं काय केलं, ते कधी सांगितलं नाही.

लाल चिमटा सळयांना. काळा चाकाला.
उलटं झालं तर चाकच झिजेल,
म्हणून दोनदा पाहिलं, मग टॉर्च लावून तिसऱ्यांदा.
चार्जर गुरगुरला.
बराच वेळ काहीच नाही.
मग चाकाच्या अंगावर बारीक बुडबुडे,
उकळीच्या आधी पातेल्याच्या बुडाशी येतात तसे.

खिडकी उघडी ठेव. आणि सिगारेट नको.
सोडून नऊ वर्षं झाली, बाबा.
हो का, म्हणाले.

सकाळी पाण्यावर विटकरी फेस,
सळया कुरतडल्यासारख्या, निम्म्या उरलेल्या.
घराघरात एखादी मावशी असते
सगळ्यांचं स्वतःवर ओढून घेणारी,
तशा.

चाक बाहेर काढलं. काळी मळी ब्रशनं निघत गेली
आणि एका आरीच्या आतल्या अंगाला,
जिथे पुसतानाही हात जात नाही,
कानशीनं कोरलेली दोन अक्षरं: ई. एस.

आम्ही पार्डी.
ई. एस. म्हणजे खाडीपलीकडचा ईसाऊ स्नूक,
ज्याचं नाव आमच्या टेबलावर निघालं
की आई मिठाची बरणी उगाच सरकवायची.
इंजिन सेंट जॉन्सहून आणलं, रोख मोजून,
असं आम्हाला माहीत होतं.

कोरं लोखंड धुक्यात थांबत नाही.
पुसता पुसता नारिंगी होतं.
एका हातात केसांचा ड्रायर, दुसऱ्यात तेलाची चिंधी,
आणि मी नुसती उभी.

बाबा आत आले. चष्मा नव्हता.
अंगठा आरीवरून फिरला,
अक्षरांवरून पुढे गेला,
मागे आला.

"पैसे वसंतात द्यायचे ठरले होते," म्हणाले.
कुठल्या वसंतात, ते मी विचारलं नाही.

मग खोबणीत नख घालून:
"इथं अजून आहे. पुन्हा लाव.
लाल सळयांना..."
माहीत आहे, बाबा.

अक्षरं पाण्याखाली गेली.
टाकीच्या काठाला धरून ते बुडबुडे बघत बसले.
"ईसाऊची मेल्विना अजून टपाल वाटते?"
वाटते.
"इकडे मंगळवारीच येते ना?"

आज रविवार.
तेल मुरायला एक दिवस पुरतो.